पाटी दीवला, खुर्ची कतारगामात

माननीय केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांस,



कोचीहून निघालेली समुद्राखालची केबल कवरत्तीसह लक्षद्वीपच्या अकरा बेटांवर पोचली आणि 3 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. लांबी 1,868 किलोमीटर, खर्च 1,072 कोटी रुपये. त्याआधी ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नई ते अंदमान ही 2,300 किलोमीटरची केबल सुरू झालीच होती. आपल्याकडे तार पोचली की तिच्या पाठोपाठ सवलतीची फाईल हलू लागते. बेटांवर सॉफ्टवेअर कंपन्या न्या, त्यांना दहा वर्षं प्राप्तिकर माफ करा, जोडीला दीवही घ्या, अशी बोलणी आमच्या धंद्यातल्या लोकांत आताच चालू आहेत. उद्या एखादी व्यापारी संघटना हीच मागणी घेऊन आपल्या दारात उभी राहिली तर नवल नाही. तिच्याआधी हे पत्र पोचावं, एवढ्यासाठी ही घाई.

बेटांबद्दल कतारगामच्या माणसानं बोलायचं कारण काय, असं आपल्याला वाटेल. कतारगाम हा सुरतेतला हिऱ्यांचा आणि लूमचा इलाखा. उंधियूत पडणारी कतारगामची पापडी भाजीबाजारात आजही नावानं मागतात. शेतं मात्र केव्हाच कारखान्यांखाली गेली. मी इथे हिशेब आणि कराचं काम करतो. वडील खानदेशातून आले, तापीच्या वरच्या काठावरून खालच्या काठावर, एवढंच त्यांचं स्थलांतर. माझे अशील म्हणजे यार्नवाले, लूमवाले, हिरे घासायच्या घंट्या चालवणारे लहान कारखानदार आणि अलीकडे या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणारी पोरं. आमच्या दक्षिणेला दोन-अडीच तासांवर दमण आणि दादरा-नगर हवेलीतलं सिल्वासा. सुरतकर शनिवारी दमणला कशासाठी जातो हे जगजाहीर आहे. पण एक काळ असा होता की सोमवारी जाणारेही पुष्कळ असत, आणि ते बाटलीसाठी नव्हे, बिलासाठी जात. करमाफीचा प्रदेश शेजारी असला की काय होतं, हे आम्ही इतक्या जवळून पाहिलं आहे.

नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी मी जुनेच लिहितो. आमच्या तोंडात अजून तेच आहेत. जुन्या कायद्याला एक आठवी अनुसूची होती. औद्योगिकदृष्ट्या मागास राज्यांची ती यादी. तीत ईशान्येची राज्यं, हिमाचल, जम्मू-काश्मीर, गोवा यांच्यासोबत अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, दमण-दीव, दादरा-नगर हवेली आणि पाँडिचेरी हे केंद्रशासित प्रदेशही होते. एप्रिल 1993 नंतर तिथे कारखाना सुरू करणाऱ्याला, आधी 80 आयए आणि मग 80 आयबीखाली, पहिली पाच वर्षं पूर्ण नफा करमुक्त आणि पुढची पाच वर्षं कंपनी असेल तर 30 टक्के नफा करमुक्त. दमण आणि सिल्वासात शिवाय विक्रीकराची लांबलचक माफी.

या यादीकडे नीट पाहावं अशी माझी विनंती आहे. लक्षद्वीपला, अंदमानला आणि सिल्वासाला कागदावर तीच सवलत होती. कारखाने कुठे गेले? सिल्वासाला. कारण सिल्वासा वापीपासून हाकेवर आहे, वापीला रेल्वे आणि महामार्ग आहे, आणि एका बाजूला सुरत तर दुसऱ्या बाजूला मुंबई आहे. पॉलिएस्टरचा कच्चा धागा मोठ्या कंपन्यांकडून यायचा, सिल्वासा-दमणच्या टेक्श्चरायझिंग यंत्रांवर त्याला पीळ आणि फुगार मिळायचा आणि तो आमच्या लूमवर चढायचा. बेटांच्या वाट्याला त्या कलमातून सांगण्यासारखं काही आलं नाही. सवलत सगळ्यांना सारखी दिली की ती मागासातल्या सर्वांत पुढारलेल्याच्या पदरात पडते.

सिल्वासाचे कारखाने सवलत संपल्यावर पळाले, असं मात्र मी म्हणणार नाही. बरेच तिथेच आहेत. टेक्श्चरायझिंगचं यंत्र उचलून नेणं परवडत नाही, कामगार जमलेले असतात, धागा घेणारा सुरतेतच बसलेला असतो. जीएसटी आला, विक्रीकराची माफी गेली, तरी यंत्रं फिरत राहिली. माझी तक्रार वेगळी आहे. धाग्याचा भाव सुरतेत ठरायचा, विक्री सुरतेत आणि मुंबईत व्हायची, मालक संध्याकाळी परत जायचा. 1954 साली ज्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीसाठी सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी आपली माणसं जिवावर उदार होऊन गेली, तिथला वारली मुलगा मी जे कारखाने पाहिले त्यांत बॉबिन उचलताना आणि गाडी भरताना दिसला. पॅनलवर बाहेरून आणलेला ऑपरेटर असे. नफ्यावरची माफी मालकाच्या नफ्याला मिळत होती. त्या मुलाला काही शिकवलं की नाही, हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता. ते फॉर्म मी भरले आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. टेक्श्चरायझिंगचा कारखाना खरा की खोटा, हे तपासायला अधिकाऱ्याजवळ साधनं होती. विजेचं मीटर बघा, यंत्राचं बिल बघा, नाक्यावरून ट्रक किती गेले ते बघा. विजेचे युनिट आणि धाग्याचे किलो जुळले नाहीत की लबाडी उघडी. सॉफ्टवेअर ट्रकमधून जात नाही. नफा जिथे बिल फाडलं तिथे बसतो. दीवमध्ये एक गाळा भाड्यानं घ्यायचा, दारावर पाटी, आत राउटर, चार टेबलं आणि एक रखवालदार. काम करणारी वीस पोरं सुरतेत वेडरोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर. परदेशी ग्राहकाला बिल दीवच्या पत्त्यावरून. वेडरोडच्या कार्यालयानं दीवच्या कार्यालयाला ‘सेवा’ पुरवली, तिचा दर इतका ठेवायचा की इथे नफा उरू नये. संबंधितांमधल्या व्यवहारात असा फुगवलेला नफा कापण्याचा अधिकार कायद्यानं अधिकाऱ्याला दिलेला आहे, हे मला ठाऊक आहे. पण तो वापरायचा म्हणजे नोटीस, उत्तर, अपील, न्यायाधिकरण, उच्च न्यायालय. तोवर सवलतीची मुदत संपते आणि कंपनी नाव बदलून मोकळी होते. मी अशा खटल्यांवर पोट भरणारा माणूस आहे. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं ही योजना फार चांगली.

खरोखरच्या नव्या कंपनीला नफ्यावरच्या माफीचा उपयोगही कमी. पहिली तीन-चार वर्षं तिला नफाच नसतो. शून्यावरचा कर माफ करून तिला काय मिळणार? स्टार्टअपसाठी 80 आयएसी आहेच, दहापैकी कोणतीही सलग तीन वर्षं करमुक्त. त्याचा फायदा घेण्याइतका नफा कमावणारे माझ्याकडे फार थोडे आले. आधीच नफ्यात असलेल्या कंपनीला मात्र बेटावरची पाटी पहिल्या दिवसापासून फळते. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला लगेच आणि ज्याला आहे त्याला कधीच नाही.

यावर कोणी पुण्याचा दाखला देईल. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ही योजना 1991 मध्ये आकाराला आली, सुरुवातीच्या तीन केंद्रांत बंगळूर आणि भुवनेश्वरसोबत पुणे होतं, निर्यातीच्या नफ्यावर कलम 10 एची माफी होती, आणि त्यातून हिंजवडी उभी राहिली. खरं आहे. पण ती माफी गावाला बांधलेली नव्हती. निर्यात करा, पार्कात नोंदणी करा, देशात कुठेही बसा, असा तिचा भाव होता. कंपन्या आपल्या पायांनी तिथे गेल्या जिथे इंजिनिअर मिळत होते. 31 मार्च 2011 नंतर 10 ए संपलं. हिंजवडी रिकामी झाली का? तिथली संध्याकाळची वाहतूक पाहिलेल्याला हा प्रश्न विचारू नये. माणसं तिथली झाली होती.

सवलतीच्या भरवशाबद्दलही एक शब्द बोलायला हवा. विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा 2005 मध्ये झाला तेव्हा त्यांना किमान पर्यायी कर लागणार नव्हता. 2011 च्या अर्थसंकल्पानं तो लावला. सुरतेजवळ सचिन इथे असलेल्या आमच्या क्षेत्रातल्या कारखानदारांनी त्या वर्षी वाहिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. लक्षद्वीप आणि अंदमानसाठी 2018 मध्ये खास औद्योगिक विकास योजना निघाली. भांडवलावर अनुदान, व्याजात सूट, विम्याचा हप्ता परत, वाहतुकीला मदत, प्राप्तिकरातल्या केंद्राच्या वाट्याची परतफेड, यादी छान होती. मुदत 1 एप्रिल 2018 ते 31 मार्च 2020. दोन वर्षं! कवरत्तीला जायला परवाना लागतो, जमीन बाहेरच्याला विकत मिळत नाही, सिमेंटची गोणी जहाजातून उतरवावी लागते. तिथे कारखाना काढायचा की नाही एवढं ठरवायलाच दोन वर्षं लागतात.

जगात दोन बेटांचा इतिहास मला एकमेकांशेजारी ठेवून पाहावासा वाटतो. मलेशियातलं पेनांग आणि अमेरिकेच्या ताब्यातलं पोर्तो रिको. पेनांगनं 1972 मध्ये बायान लेपासला मुक्त व्यापार क्षेत्र काढलं, करमाफी दिली आणि त्याच वर्षी इंटेल तिथे आली. तिच्यामागे इतर आल्या. पुढे यंत्रं बदलू लागली, हातानं जोडणी करणारे कामगार अपुरे पडू लागले, तेव्हा 1989 मध्ये पेनांगनं कंपन्यांना सोबत घेऊन कौशल्य विकास केंद्र उभं केलं. शिकवायचं काय ते कंपन्यांनी ठरवायचं आणि प्रशिक्षण सगळ्यांनी मिळून चालवायचं. पन्नास वर्षांनंतरही इंटेल तिथे आहे. पोर्तो रिकोला 1976 मध्ये कलम 936 मिळालं. अमेरिकन कंपन्यांनी तिथल्या नफ्यावर मुख्य देशाचा कर भरायचा नाही, अशी तरतूद. औषध कंपन्यांनी कारखाने काढले, पण त्यांच्या पेटंटचा नफासुद्धा बेटावर आणून ठेवला, कारण तो तिथे करमुक्त होता. 1996 मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कलम रद्द केलं आणि दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्यानं संपवलं. 2006 पासून बेट मंदीत गेलं आणि 2017 मध्ये तिथल्या सरकारला कर्ज फेडता येत नाही म्हणून न्यायालयात जावं लागलं. त्या दिवाळखोरीची कारणं पुष्कळ होती, एकट्या 936 च्या माथी सगळं मारता येणार नाही. तरी करमाफी संपली त्या दिवशी बेटाच्या हाती काय उरलं, हा प्रश्न दोन्हीकडे विचारून पाहावा.

घरचं उदाहरण हवं असेल तर आमच्या खजोदला या. सुरत डायमंड बोर्स, 17 डिसेंबर 2023 रोजी पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. नऊ मनोरे, चार हजारांवर कार्यालयं, 67 लाख चौरस फूट बांधकाम. त्या काळात मुंबईची वर्तमानपत्रं ‘हिरे सुरतेला पळवले’ म्हणून पेटली होती आणि विधिमंडळापर्यंत विषय गेला होता. वास्तविक मुंबईचा व्यापारी वांद्रे-कुर्ला संकुलातून फारसा हललाच नाही. पुढे बराच काळ खजोदचे बहुतेक दरवाजे बंद राहिले. इमारतीत खोट काही नव्हती. पण परदेशी ग्राहक मुंबईत उतरतो, बँका तिथे, सीमाशुल्काची सोय तिथे, मुलांच्या शाळा तिथे, आणि उधारीवर लाखोंचं पाकीट देण्याइतकी ओळख तिथे. आम्हाला वाटत होतं दिमाखदार वास्तू आणि सरकारचा आशीर्वाद पुरेल. मुंबईकरांनाही तेच वाटत होतं, म्हणून ते घाबरले. दोघंही चुकले.

आणि हाच हिऱ्याचा धंदा कतारगाम-वराछ्यात कसा आला होता? साठच्या दशकापासून सौराष्ट्रातून पोरं आली, नात्यातल्या कुणाच्या तरी घंटीवर बसली. चौघं चार बाजूंना, मधे हिरा घासणारी फिरती सरण. काही महिने नुसतं बघायचं, मग टाकाऊ दगडावर हात बसवायचा, मग खरा माल. शिकवण्याचा खर्च ना सरकारनं केला ना विद्यापीठानं. तो मामा-काकांनी सोसला. कच्चा माल आयात करून घडवलेला परत निर्यात करण्याची सोय सरकारनं केली, ते महत्त्वाचं होतं. पण कतारगामात बसा म्हणून कुणी वेगळी माफी दिली नव्हती. पुढे लेसर आला, इस्रायलची सरीन यंत्रं आली, रफच्या, म्हणजे कच्च्या हिऱ्याच्या, आतला डाग पडद्यावर दिसू लागला. ज्याची नजर पंधरा वर्षं दगडावर तयार झाली होती तोच माऊस हातात घेऊन, हिरा कसा कापायचा ते ठरवणारा प्लॅनर झाला. आज कतारगामात ‘सरीनवर बसतो’ म्हटलं की लग्नाच्या बाजारात भाव असतो. निदान हिऱ्यांच्या बाजारातल्या मंदीच्या आधी होता.

इथेच मला बेटांसाठी एक वाट दिसते, आणि ती डेटा सेंटरची नाही. लक्षद्वीपचं एकूण क्षेत्रफळ 32 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473, वीज बहुतांशी डिझेलवर आणि ते डिझेल जहाजानं येणारं. तिथे सर्व्हरच्या खोल्या गार करत बसणं हा वेडेपणा होईल. दीवचं तसं नाही. तिथे दिवसा लागणारी सगळी वीज सौर प्रकल्पातून मिळते, असं 2018 मध्येच जाहीर झालं. पण बेटावर करता येईल असं काम माणसाच्या नजरेचं आहे. रफची त्रिमितीय फाईल सुरतेत तयार होते. तिचं प्लॅनिंग करणारा दीवला बसला काय किंवा लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला बसला काय, हिरा जागचा हलत नाही. कापडाच्या डिझाईनचं तसंच, हिशेबाचं तसंच. माझ्या स्वतःच्या कार्यालयातलं निम्मं काम केबल असलेल्या कुठल्याही ठिकाणी होऊ शकतं. प्रश्न फक्त तिथल्या मुलाला ते यायला हवं, हा आहे.

म्हणून मागणी करतो ती अशी. बेटांसाठी नफ्यावरची माफी देऊ नका; पगारावरची द्या. साधन आपल्याकडे तयार आहे. कलम 80 जेजेएएखाली नवा कामगार घेतला तर त्याच्या पगाराच्या 30 टक्के जादा वजावट तीन वर्षं मिळते. अट अशी की त्याचा पगार महिना 25,000 पेक्षा जास्त नसावा. शिकलेल्या माणसासाठी ही मर्यादा आज हास्यास्पद आहे. बेटांपुरती ती चौपट करा, वजावट शंभर टक्क्यांवर न्या आणि मुदत दहा वर्षांची ठेवा. ज्या कंपनीला अजून नफा नाही तिला तेवढी रक्कम भविष्य निर्वाह निधीच्या हप्त्यात परत द्या, म्हणजे नव्यालाही काही हाती लागेल. माणूस बेटावर राहतो की नाही, हे ठरवायला पाटी बघावी लागणार नाही. पगाराचा टीडीएस आहे, पीएफचं खातं आहे, रेशनकार्ड आणि मतदार यादी आहे. बेटावरच जन्मलेल्या मुलामुलीला घेतलं तर वजावट आणखी वाढवा. वीस नावं खोटी दाखवणं अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण एक पाटी लावण्यापेक्षा वीस जिवंत माणसं खोटी दाखवणं पुष्कळ महाग पडतं, आणि आमच्या धंद्यात महाग पडणारी लबाडी कमी होते.

मुदत संपताना ती एका 31 मार्चला कड्यावरून ढकलल्यासारखी संपवू नका. दर वर्षी थोडी कमी होत जाऊ द्या, आणि मधेच बदलणार नाही एवढं कायद्यातच लिहा. अर्थसंकल्पासोबत आपण करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचं विवरण देता. त्यात बेटांचा वेगळा तक्ता द्या. किती रुपये सोडले, किती माणसं कामाला लागली, त्यांतली किती तिथलीच. असा तक्ता आठव्या अनुसूचीच्या काळात असता तर सिल्वासाच्या त्या मुलाचा हिशेब आपल्याला आणि मलाही दहा वर्षं आधी कळला असता.

20 सप्टेंबर 2019 रोजी आपण गोव्यात, पणजीला, कंपनी कर उतरवण्याची घोषणा केली होती. नव्या उत्पादक कंपन्यांना 15 टक्के दर, मार्च 2023 पर्यंत उत्पादन सुरू करण्याची अट. पुढे ती मुदत एक वर्ष वाढवली, आणि मग वाढवली नाहीत. वाढवा म्हणणारे थोडे नव्हते, तरी नाही. त्यामुळे सवलत देताना हात आखडता घेणं आपल्याला जमतं, यावर माझा विश्वास आहे.

माझ्या दोन अशिलांनी दीवच्या किल्ल्याजवळ गाळा पाहून ठेवला आहे. भाडं स्वस्त आहे, आठवड्यातून एकदा जाऊन दिवा लावून येऊ म्हणतात. घेऊ का, असं विचारतात. अर्थसंकल्पापर्यंत थांबा, एवढंच मी त्यांना सांगितलं आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक करसल्लागार
कतारगाम, सुरत